मूळचं रक्त

रक्त द्यायची वेळ आली की डॉ. चौगुले सगळ्यांच्या आधी स्वतःची बाही वर करायचे. "पहिली नस माझी," म्हणत खुर्चीत बसायचे आणि सुई आत जात असताना समोरच्याला तांबड्या रश्श्याची कृती सांगत राहायचे. विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला निरोगी माणसांचं रक्त सतत लागतं. रोग्याच्या पेशी कुठे कमी पडतात हे त्याच्याशी ताडून पाहायचं असतं. बाहेरचे लोक सहसा तयार होत नाहीत, म्हणून आम्हीच देत असू. रक्त दिलं की कँटीनमधला आलू पराठा आणि गोड चहा सरांकडून, ही तिथली रीतच होती.

मी अकोल्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी चंडीगडला आले, शेजारच्या झिरकपूरला फ्लॅट घेतला आणि नॉलेज सिटीतल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागले. पेशी वाढवायच्या, गोठवायच्या, द्रव नायट्रोजनच्या टाक्या सांभाळायच्या, हे माझं काम. पहिल्या दिवशी आडनाव ऐकून सरांनी विचारलं, "वऱ्हाडच्या का तुम्ही? मग इथल्या उन्हाची तक्रार ऐकून घेणार न्हाई हां." वर्षभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. आजूबाजूला सगळा हिंदी-पंजाबीचा कारभार. दिवसातून दोनदा कानावर मराठी पडते याचंच मला अप्रूप होतं. नवरा परगावी असताना मुलीला ताप आला, तेव्हा गाडी काढून सरच दवाखान्यात घेऊन गेले होते. हेही खरं आहे आणि ते मी वगळणार नाही.

त्यांचा विषय कांजिण्यांचा विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. काही पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. पहारा ढिला पडला की तो नागीण होऊन बाहेर येतो. नव्या विद्यार्थ्यांना हे समजावून झालं की सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "पाव्हणा जेवून गेला न्हाई सुनंदा, माळ्यावर चढून बसलाय. खाली जागं कोण हाय, तेवढंच आपण बघायचं." पंजाबी पोरं विचारायची, "सर, क्या बोला?" सर म्हणायचे, "कुछ नहीं जी, घर की बात है."

कामात ते अतिशय कडक होते. नळीवर कोणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. काम संपेपर्यंत क्रमांकामागचं नाव कोणी पाहायचं नाही, अगदी त्यांनीसुद्धा. "नाव कळलं की डोळा लबाडी करतो," असं ते म्हणत. मला हे फार आवडायचं. इतकी वर्षं नोकरी केली, पण स्वतःवर अविश्वास ठेवणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

मला एकदा बरगड्यांवर नागीण झाली होती. सरांना ते माहीत होतं. पुढे कधीतरी असं सुरू झालं की बाकीच्यांना वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बोलावणं यायचं आणि मला सारखं. "ये गं, बस जरा. थोडंच घेतो." मी कुरकुर केली की म्हणायचे, "तुझी नस म्हणजे हमरस्ता. बाकीच्यांच्या गल्ल्याबोळांत कोण शिरणार?" मी हसायचे आणि बाही वर करायचे. हाताशी आहे म्हणून बोलावतात, एवढाच माझा समज होता.

गेल्या हिवाळ्यात मला पुन्हा नागीण झाली, या वेळी कपाळावर आणि डाव्या डोळ्याभोवती. ज्यांना झाली आहे त्यांना वेदनेबद्दल सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. मला रुग्णालयात ठेवलं होतं. सर बायकोने केलेली मुगाची खिचडी घेऊन आले, उशाशी बसले. निघताना खिशातून नळी काढून म्हणाले, "ऐन दुखण्यातला नमुना पुन्हा मिळत नसतो बघ." माझी मुलगी, जी मराठीला नेहमी हिंदीतच उत्तर देते, पटकन म्हणाली, "अंकल, अभी रहने दीजिए ना." मीच तिला गप्प केलं आणि हात पुढे केला. दुखणं बरं झालं, पण बुबुळावर डाग राहिला. त्या डोळ्याला आता माणसाचा आकार दिसतो, चेहरा दिसत नाही.

उन्हाळ्यात संस्थेत सरांचं व्याख्यान झालं. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. बहुतेकांच्या पहाऱ्यावरच्या पेशी विषाणूला धरतात, एका व्यक्तीच्या मात्र जवळजवळ धरतच नाहीत. व्यक्ती मध्यमवयीन स्त्री, एरवी निरोगी. तिचे नमुने वर्षानुवर्षं घेतलेले, आणि शेवटचा डोळ्यावर नागीण उठलेली असताना. सर अतिशय छान बोलले. सभागृहात काळा चष्मा लावून बसलेली मी एकटीच होते. एकेक मान माझ्याकडे वळली. सरांची तेवढी वळली नाही.

मी थेट त्यांच्या खोलीत गेले.

"सर, ती बाई मी आहे."

"अगं, तो एक क्रमांक आहे. नाव मी बघत नसतो. नियम ठाऊक आहे तुला."

"मग सारखं बोलावणं मलाच कसं यायचं?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एखादा प्रयोग समजावून सांगावा तशा शांत आवाजात म्हणाले, "सांगितलं असतं तर तू नागिणीची लस घेतली असतीस."

"हो."

"लस घेतली की पेशी शिकतात. मग तुझं मूळचं रक्त मला कुठनं मिळालं असतं?"

लस घेऊन डोळा वाचलाच असता असं नाही. डॉक्टरांनीही मला तशी खात्री दिलेली नाही. पण घ्यायची की नाही हे मी ठरवलं असतं. एवढंच मी बोलले आणि बाहेर आले. टाकीत माझ्या पेशींच्या कुप्या होत्या आणि टाकीची किल्ली माझ्याकडेच होती. तरी मी त्यांना हात लावला नाही. माझे नमुने यापुढे वापरू नयेत असं संस्थेला रीतसर कळवलं. परवानगी आल्यावर, संस्थेच्या नैतिकता समितीतल्या एका बाईंच्या देखत, त्या कुप्या मी स्वतः काढून नष्ट केल्या. सरांनी निरोप पाठवला होता, "काम अर्धवट राहील गं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले. निरोप समारंभाला मी गेले, सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. घरच सोडून चाललो आहे की काय, असं वाटण्याइतके ते हळवे झाले होते. माझ्याशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात उभी होते. नाव दिसलं आणि वाटलं, आता म्हणतील, चुकलं गं. गॅस बंद केला आणि बसून फोन घेतला.

"डोळा कसा आहे?"

"आहे तसाच."

"लस घेतलीस?"

"घेतली. दोन्ही डोस झाले."

"बरं केलंस," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा, मायेचा. मी वाट पाहिली. मग म्हणाले, "किती दिवस झाले गं दुसऱ्या डोसला? न्हाई, लशीनंतरचं रक्त एकदा बघायला मिळालं असतं तर..."