एसीला पांघरलेली घोंगडी

गेल्या रविवारी सकाळी बीडजवळच्या पालीला एका एसीच्या अंगावर घोंगडी पाहिली. बीडमध्ये इतकी वर्षं एसी-फ्रीजची कामं करतोय, पण हे पहिल्यांदाच...

आधी थोडं मागचं सांगतो. पालीच्या एका धनगर कुटुंबातली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, वजन अगदी कमी. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली उबदार ठेवा, पण शेगडी लावू नका, धूर बाळाला सोसणार नाही. म्हणून बाळाच्या मामानं पुण्याहून फोन करून माझ्याकडून हॉट अँड कोल्ड एसी बसवून घेतला.

आपल्याकडे एसी म्हणजे गार हवा, एवढंच लोकांना माहीत. हा उलटाही चालतो. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो, त्यालाच हीट पंप म्हणतात. बाहेर कडाका असला तरी हवेत थोडी ऊब असतेच... फक्त थंडी वाढली की मशीनची मेहनत वाढते.

आणि पाली पडलं धरणाजवळचं गाव. त्या आठवड्यात पहाटे पारा चांगलाच उतरत होता, वर पाण्याची ओल. अशा हवेत बाहेरच्या युनिटच्या जाळीवर बर्फ धरतो. मग मशीन मधूनमधून आतली गरम हवा पाच-दहा मिनिटं थांबवतं आणि तो बर्फ वितळवतं. तेव्हा बाहेर वाफ निघते, पाणी गळतं. हा बिघाड नाही, त्याची रीतच आहे ती.

शनिवारी सकाळी आबांचा, म्हणजे बाळाच्या आजोबांचा फोन आला. "मिस्त्री, बाहेरच्या डब्यावर बर्फ धरलाय. वाफ निघायलीय, आन् मशीन मधीच बंद पडायलंय."

मी तेव्हा एका दुकानाचा डीप फ्रीजर उघडून बसलो होतो, दोन्ही हात गुंतलेले. म्हटलं, "काय न्हाई आबा, थंडी वाजली असंल त्याला." हसलो आणि फोन ठेवला. गंमत करायची सवयच आहे मला, गिऱ्हाईकही हसतात... आबा हसले नव्हते, हे नंतर आठवलं.

रविवारी उजाडताच लेकीचा फोन. एसी नुसता गार वारा फेकतोय, बाळाचे पाय गार पडलेत. आवाज रडवेला होता. गाडीला किक मारली आणि तडक निघालो.

अंगणात जाऊन पाहतो तर युनिटला मागून आणि दोन्ही बाजूंनी गोणपाट, सुतळीनं आवळून बांधलेलं. त्यावर काळी घोंगडी, कडा नीट खोचलेल्या. पुढचा पंखा तेवढा उघडा.

"आबा, हे कशापायी केलं?"

"तुमीच म्हणलात ना, थंडी वाजली त्याला." आबा अगदी सरळ चेहऱ्यानं बोलले. "कोकराला बांधतो तसंच बांधलंय. तोंड उघडं ठिवलंय, जीव कोंडू न्हाई म्हणून."

काम चोख होतं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की हे मशीन पुढून हवा सोडतं आणि घेतं मागून, बाजूनं. ज्या हवेतून ऊब ओढायची तीच मिळेना, तर आत काय आणणार? मागच्या जाळीवर बोटभर बर्फ चढला होता, आणि मशीन सारखं तो उतरवण्यातच गुंतलं होतं.

मेन स्विच बंद केला, सुतळी कापली, सगळं उतरवलं. जाळीवर साधं पाणी सोडून बर्फ घालवला आणि मशीन परत चालू केलं. मग मी आणि आबा दाराबाहेर उभे राहिलो... बाळाचे पाय गार पडलेत, हेच डोक्यात फिरत होतं.

थोड्या वेळानं लेक आतून म्हणाली, "आली गरम हवा." दवाखान्यात शिकवलं होतं तसं तिनं बाळाला रात्रभर छातीशी धरून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. अर्ध्या तासानं बाळाचे पाय कोमट झाले, दूधही प्यायला लागलं. तरी मी म्हटलं, आजच एकदा डॉक्टरांना दाखवून या.

आबांना युनिटच्या मागं नेऊन दाखवलं. म्हटलं, "हे पाठीनं श्वास घेतंय, आबा."

त्यांनी जाळीसमोर तळहात धरला, आत ओढली जाणारी हवा बघितली. "हे आदी सांगितलं असतं तर कशाला बांधलं असतं?" रागानं नाही, सहज म्हणाले.

निघताना म्हटलं, घोंगडी भिजलीय, वाळत घाला, तोवर दुसरी पांघरा. लेक दारातून म्हणाली, "दुसरी कुठून आणायची? येकच हाय त्यांची. रातभर तसेच बसलेत डब्यापाशी... वाऱ्यानं उडून जाईल म्हणून."

तेव्हा कुठे मी आबांकडे नीट पाहिलं. अंगात सुती सदरा, हात काखेत दाबलेले, ओठ काळेनिळे. आल्यापासून मी फक्त मशीनकडे बघत होतो.

हाताला धरून त्यांना आत नेलं, गरम हवेखाली बसवलं. बाळाची खोली आहे, मी कशाला, म्हणत होते. ऐकलं नाही मी.

डॉक्टरांनी बाळ तपासलं, बरं आहे... अल्लाहचे लाख शुक्र. मला मात्र अजून लाज वाटते. माझ्या शब्दावर कुणी एवढा भरवसा ठेवत असेल, हे मला माहीतच नव्हतं.