बोअरच्या पाण्यातली चांदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. जळगावला बातमीदार होतो. इतरांच्या चुका छापल्या. ही राहिली.

त्याआधी, नव्वदीच्या सुरुवातीला, धुळ्याच्या एका कॉलेजात संशोधन करत होतो. दाट द्रावण तापवून त्यात सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, चांदी सुटी होते, कण बनतात. त्या कणांच्या तारा व्हाव्यात म्हणून सर झुरत होते. आमचे कण कणच राहायचे.

काचेची भांडी नाना धुवायचे — रोजंदारीवर. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यानंच, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. मी मोडला. त्या दुपारी डिस्टिल्ड पाणी संपलं होतं, वीज नव्हती. मी फ्लास्क बोअरच्या खारट पाण्यानं विसळला. सिल्व्हर नायट्रेट पडताच द्रावण दुधाळ झालं, बिघडलं. सर मागेच होते. त्यांनी विचारलं, फ्लास्क कोणी धुतला?

एका शब्दाला किती वेळ लागतो?

"नानांनी."

"भाऊ, त्याले मी हातबी लाया नही," नाना म्हणाले. "तुमले माहीत शे."

मी बर्नरची ज्योत कमी-जास्त करत राहिलो. सरांनी नानांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

फ्लास्क मात्र तापतच राहिला. संध्याकाळी हलवला — आत रेशमासारखी लकाकी सरकली. सूक्ष्मदर्शकाखाली तारा होत्या, केसाहून कितीतरी बारीक. दुसऱ्या दिवशी नाना चाव्या द्यायला आले, त्यांनीही पाहिल्या.

सर वर्षभर तोच प्रयोग करत राहिले. स्वच्छ फ्लास्क, नुसते कण. त्या दिवशी वेगळं काय होतं? — मलाच विचारायचे. एका रविवारी, कुणी नसताना, मी बोअरच्या पाण्यानं फ्लास्क विसळला. तारा आल्या. चांदी भराभर सुटली की चहूबाजूंनी बसते, कण होतो. पाण्यातल्या मिठानं तिला धरून सावकाश सोडलं, की ती टोकांवरच बसत जाते, तार वाढते. सरांना हे सांगायचं कसं? — आधी फ्लास्क कोणी विसळला ते सांगावं लागलं असतं. मी सगळं बेसिनमध्ये ओतलं. सर योगायोग मानून निवृत्त झाले.

पुढे एरंडोलच्या स्टँडवर नाना दिसले, शेंगा विकताना. त्यांनीच हाक मारली.

"त्या तारा परत उन्यात का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि शेंगांची पुडी माझ्या हातात ठेवली. नाना आता नाहीत.

फ्लास्क मी विसळला होता.