सुरेखाचा आवाज आणि बुरशी आलेली कॅसेट

परवा दुपारी मी, माझा लेक संभा आणि नात अंकिता, तिघं मंगळवार पेठेतल्या एका दुकानात टीव्हीपुढं बसलो होतो. टीव्हीवर माझी सून सुरेखा लग्नात नाव घेत होती... तोंड तिचं हलत होतं आणि आवाज येत होता सिनेमाच्या गाण्याचा.

सुरेखा काविळीनं गेली तेव्हा अंकिता पाळण्यात होती. आता पोरीचं लग्न ठरलंय. मागच्या आठवड्यात जेवता जेवता तिनं विचारलं, "आजी, आई बोलायची कशी गं?" मी म्हटलं, "कशी म्हणजे? तोंडानं." पोरगी ताटावरून उठून गेली.

मग मलाच झोंबलं. दिसायची कशी ते फोटोत आहे, पण आवाज कसा दाखवायचा... बारीक म्हटलं, भरडा म्हटलं, त्यानं काय कळतं? मी चौथीत शाळा सोडली, पण कॉलेज शिकलेल्यांनाही हे जमायचं नाही.

म्हणून ट्रंकेतल्या लग्नाच्या आणि बारशाच्या कॅसेटी काढल्या. घरातलं मशीन कधीच भंगारात गेलंय. हा दुकानदार जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो असं कळलं, म्हणून त्याच्याकडं गेलो.

"पावणं, हिचा आवाज कुठं घातलासा?" मी विचारलं.

"काकी, तवा पद्धतच ती हुती. मूळ आवाज काढायचा आन् वरनं गाणी भरायची. लोकं गाणी कुठली घातली ते बघायची. आवाज कोण मागतंय?"

बारशाची तीच गत. सुरेखा पाळण्याजवळ हसून काहीतरी बोलतेय आणि वरनं सनई. अंकिता नुसती पर्सची चेन उघडायची, लावायची... उघडायची, लावायची. मला ते बघवेना, म्हणून मी पंख्याकडं बघत बसले.

पिशवीत अजून एक कॅसेट होती. संभाच्या तालमीच्या संघाच्या फुटबॉल मॅचची. माळ्यावर पडलेली, घरातून निघताना त्यानंच न बोलता टाकलेली. दुकानदारानं तिचं झाकण उचलून बघितलं तर फितीवर पांढरी बुरशी. "ही द्या टाकून," म्हणाला.

मी टाकणारच होते. तेवढ्यात संभा म्हणाला, "ती चालवा."

"सुरेखासाठी आलोय आपण. तुला मॅच कसली सुचतीया?"

संभा खाली मान घालून बोलला, "दोस्ताचा कॅमेरा आणलेला, आई. मीच शूटिंग करत हुतो. ती माझ्या शेजारी बसलती... ह्या कॅसेटवर कुणी गाणी भरल्याली न्हाईत."

ती गेल्यापासून ह्यानं मैदानाचं तोंड बघितलं नव्हतं. का ते विचारायला मी कधी गेले नाही.

दुकानदारानं हात झटकले. "एकदाच चालंल. अडकली तर तुटंल. मग मला बोल लावायचा न्हाय." अंकिता म्हणाली, "चालवा."

त्यानं फीत हातानं फिरवत फडक्यानं पुसली आणि कॅसेट मशीनमध्ये घातली. पडद्यावर नुसत्या राखाडी रेघा. मग मैदान दिसलं, माणसांची डोकी दिसली, आणि आवाज म्हणाल तर नुसता गोंगाट. शिट्ट्या, आरडाओरडा... त्यात एक बाईचा आवाज कुठं शोधायचा?

तेवढ्यात मशीन करकरलं आणि चित्र थांबलं. दुकानदारानं कॅसेट ओढली तर मागनं फीत लोंबत आली, चुरगळलेली. अंकितानं माझं मनगट धरलं. बांगड्या रुतत होत्या, पण मी हात काढून घेतला नाही.

त्यानं चुरगळलेला तुकडा कापला, दोन टोकं जोडली. कुणी कुणाकडं बघेना. परत मशीन सुरू झालं... परत रेघा, परत गोंगाट.

आणि मग अगदी कानाशी बोलल्यासारखं आलं, "अहो, बॉल तिकडं गेलाय. तुम्ही हिकडं माणसं काय काढत बसलाय?"

मागनं संभाचा तेव्हाचा आवाज, "गप बस की."

"मी कशाला गप बसू? रेफ्रीला दिसत न्हाय, तुम्हाला दिसत न्हाय. दोघं एका आईची लेकरं दिसतायसा. आन् आटपा आता. आत्यांनी भाकरी थापून ठेवल्या असत्याल. गार झाल्या तर गल्ली गोळा करतील."

आत्या म्हणजे मी, तिची सासू. दुकानदार हसला. मी बघितल्यावर गप्प झाला.

पुढं थोडा वेळ गोंगाट चालला आणि फीत तुटलीच. ह्या खेपेला जोडण्यासारखी राहिली नव्हती. पण तेवढं बोलणं पेन ड्राइव्हवर उतरलं होतं. संभा बाहेर जाऊन पायरीवर बसला, आमच्याकडं पाठ करून. नंतर मी विचारलं, मॅच कोण जिंकलं रे? म्हणाला, आठवत नाही.

अंकिता म्हणाली, "आजी, ही तर माझ्यासारखी बोलतीया."

"तू तिच्यासारखी बोलतीस," मी म्हटलं. "तोंडही तेवढंच चालतं."

तेव्हापासून अंकिता तेच बोलणं परत परत लावते, आणि घरात दिवसातून दहा वेळा मला शिव्या बसतायत. गल्ली गोळा करते म्हणे मी... सुरेखाला द्यायला उत्तर आहे माझ्याकडं, चांगलं झणझणीत. ऐकायला ती नाही.

त्या दुकानदाराचं भलं होवो. आणि तुम्हाला एक सांगते, घरात कुणी फोन धरून शूटिंग करत असलं तर मागं गप्प उभं राहू नका. बोला. सासूला नावं ठेवायची असतील तर तीही ठेवा.