मुंबई झुंजली, उर्वरित जिंकले

आमच्या इथल्या मराठी लोकांच्या शुक्रवारच्या ग्रुपमध्ये तीन संघ आहेत: मुंबई, पुणे आणि उर्वरित महाराष्ट्र. उर्वरितमध्ये सांगली, अमरावती, नांदेड आणि मी. मी जळगावची. पंगत उठल्यावर उरलेल्या भाज्या एका पातेल्यात ओताव्यात तसं आम्हाला एकत्र केलंय, आणि वर ऐकवायचं की बघा, सगळ्यांना सामावून घेतलं! घेतलंत हो. उपकार झाले.

माझा नवरा डोंबिवलीचा. बहरीनमध्ये डोंबिवली मुंबईत येते. विमानात तिचं काय होतं देव जाणे, पण इथे उतरेपर्यंत ती दादरला चिकटलेली असते. म्हणून तो मुंबईकडून खेळतो. लेकीचा जन्म इथलाच, तरी तीही बाबाबरोबर मुंबईच्या बाकावर. "मम्मा, युअर टीम डझन्ट इव्हन हॅव जर्सीज," असं तिने मला एकदा समजावून सांगितलं.

खेळ बेसबॉलचा. अदलियात ऑफिस असलेल्या आमच्यातल्या एकाचा अमेरिकन साहेब देश सोडताना बॅटी, ग्लोव्ह्ज, कॅचरचा मुखवटा असं सगळं सामान देऊन गेला. निरोपाच्या चहाला तो सांगत होता की त्याच्या लहानशा शहराचा संघ एकदा अजिंक्यपद जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चर्चा काय, तर बड्या शहराचा बडा संघ हरलाच कसा आणि आता तो कुणाकुणाला विकत घेणार. त्यांच्या विजयाला हवामानाच्या बातमीएवढी जागा मिळाली. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आमच्या उर्वरितमध्येच या.

मी शाळेत असताना जिल्ह्याकडून सॉफ्टबॉल खेळलेय, कॅचर म्हणून. लेकीला हे सांगितलं की ती "ओह, नाइस" म्हणते, शेजारणीने नवे पडदे दाखवल्यावर आपण म्हणतो तसं. तिला माहीत असलेली आई म्हणजे सलमानियाच्या हॉस्पिटलातून शिफ्ट करून सुजलेल्या पायांनी येणारी आणि आल्या आल्या डबा घासलास का विचारणारी. तिने मला एकदा, फक्त एकदा, काहीतरी जिंकताना बघावं, एवढीच माझी हाव होती. म्हणून अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिला निर्लज्जपणे सांगितलं, "उद्या मोबाइलवर शूट कर. मी खेळणारे."

सामना मुंबईशी, सखीरच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर, सकाळीच. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे, त्यांचा एकच गडी बाद करायचा राहिलेला, आणि बॅट घेऊन कोण येतंय? माझा नवरा. मी कॅचर, म्हणजे त्याच्या मागेच बसलेली.

"जरा सांभाळून घे गं, नंतर एकाच घरी जायचंय," तो पुटपुटला.

"आधी बॅटीला तर लागू दे," मी म्हटलं.

लागला. चेंडू उंच उडून मागे, गाड्या उभ्या होत्या तिकडे निघाला. असा चेंडू जमिनीवर पडायच्या आत झेलला की गडी बाद. मुखवटा फेकून मी धावले. वयाचं भान नाही, गुडघ्यांचं नाही. खडीवर अशी आपटले की विचारू नका, पण चेंडू ग्लोव्हमध्ये होता! मग मी ओरडले. काय ओरडले मलाच ठाऊक नाही.

उठून बघते तर ग्रुपचे अध्यक्ष धावत निघालेले. मला वाटलं माझ्याकडेच. छे! ते नवऱ्याला मिठी मारायला चालले होते. भाषणात म्हणाले, मुंबई हरली नाही, मुंबई थकली होती. ऊन डोळ्यांवर होतं, वारा उलटा होता. हा वारा फक्त मुंबईला लागत होता बरं का, आमच्या अंगावर तर जणू एसी सोडला होता! चषक आम्हाला दिला तेव्हा फोटो काढणारा मुंबईच्या कप्तानाचे डोळे टिपत होता. दुपारपर्यंत ग्रुपवर मजकूर आला: "मुंबईची हृदयस्पर्शी झुंज". सोबत मान खाली घातलेल्या माझ्या नवऱ्याचा फोटो. तळाशी बारीक अक्षरांत "विजेते: उर्वरित". जागा पुरली नसेल, महाराष्ट्रसुद्धा कापला.

घरी नवरा फोनवर सांत्वनं स्वीकारत होता. "नशीब, दुसरं काय," असं सुतकी आवाजात. मी सोलवटलेल्या गुडघ्यांना औषध लावत बसले होते. राग येत होता, आणि खोटं कशाला बोलू, रडूही येत होतं.

लेकीला हाक मारली. "शूट केलंस ना?"

"या, ऑफ कोर्स."

ती शेजारी येऊन बसली. व्हिडिओत बाबा बॅट फिरवतो. चेंडू वर जातो आणि चित्राबाहेर. मोबाइल बाबावरच. बाबा वर बघतोय, बाबाचं तोंड पडतंय, बाबा बॅट टाकून खाली बसतोय. मी कुठेच नाही. माझी वेणीसुद्धा नाही.

"बाबा लुक्ड सो सॅड ना," ती म्हणाली. "आय कुडन्ट लुक अवे."

तेवढ्यात चित्राबाहेरून एक किंकाळी आली, लांबलचक, आनंदाने फाटलेली. लेकीने कपाळाला आठ्या घातल्या.

"हू इज दॅट?"

"मी," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने व्हिडिओ मागे नेला आणि आवाज मोठा केला.