एक दार जास्तच चमकलं

वगदी उस्तादच्या रंगाच्या गॅरेजला लागूनच माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. या माणसाच्या बुडाखाली खुर्ची टिकत नाही. सामिहाबाईंच्या गाडीचं चेपलेलं दार रंगवून त्याने वर क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारला, आणि नेमका खमासीनचा धुळीचा वारा सुटला. ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून त्याने जमिनीवर पाणी मारलं, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, तरी दर पाच मिनिटांनी उठून दार बघायचं चालूच.

"बस की मेल्या! चहा गार झाला," मी ओरडलो.

"तू सीटा शिव, हाशिम. अक्कल शिकवू नकोस."

दोन दिवसांनी त्याने पॉलिश केलं. दारात बघून दाढी करावी, अशी चकाकी!

सामिहाबाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "काय करून ठेवलंत उस्ताद? मला गाडी विकायचीये. कैरोतलं गिऱ्हाईक आधी हेच विचारतं, रंग कंपनीचाच आहे ना? हे दार तर लांबूनच बोंबलतंय!"

वगदीने दात-ओठ खात बारीक पॉलिश पेपर भिजवला, दार घासलं आणि ती चकाकी स्वतःच्या हाताने उतरवली, जुन्या रंगाइतकी.

"सांग, कुठलं दार?" संध्याकाळी त्याने विचारलं.

मी दोनदा गाडीभोवती फिरलो. "नाही ओळखता येत, उस्ताद. कमाल आहे तुझी!"

"तीस वर्षं हीच कमाल करतोय," तो म्हणाला. "एक दार तरी माझं दिसू द्यायचं होतं रे."