बसल्याशिवाय सीट बसत नाही

"उतर. आधी खाली उतर."

हे मला म्हणताहेत, हे कळायलाच थोडा वेळ लागला. मी गाडीवर बसले होते. दोन्हीकडे पाय टाकून, डोळे मिटून. खालचं ओलं कातडं कुठे ताणलंय, कुठे ढिलं पडलंय, ते अंगानं चाचपत होते. डोळे उघडले तर समोर काकाजी. गाडीच्या मालकाचे वडील. सोवळं नेसलेले, हातात तांब्या. देवपूजा अर्धी टाकून पोर्चमध्ये आले होते.

"हिला शिवायला बोलावलंस का बसायला?"

हे मुलाला विचारलं. मला नाही. मुलगा म्हणजे निखिल, पंचविशीतला. पंधरा दिवस माझ्या दुकानात येऊन बसत होता. ताई ताई करत होता, माझ्या हातचा चहा पीत होता. त्याच्या नव्या बुलेटला रेक्झिन नको होतं. खरं कातडं पाहिजे होतं, हातानं शिवलेलं, ऊनपावसात वर्षानुवर्षं टिकणारं. तो आता मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला.

मी उतरले.

"आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"तरीच," काकाजी म्हणाले.

मग ते आत गेले आणि गोमूत्राची बाटली घेऊन आले. दुकानात विकत मिळते ती, झाकणवाली. सगळी सीटवर ओतली. नुकत्याच ताणून बसवलेल्या कातड्यावर. शिवणीतून आत फोममध्ये उतरलं ते. बाटली संपल्यावर म्हणाले, "पूस आता." फडकं दिलं नाही. मी माझ्या ओढणीनं पुसलं.

हो, पुसलं. लपवून काय करू? म्हशीच्या कातड्यावर गाईचं मूत, आणि पुसायला मी. दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते. ओढणी पिशवीत कोंबली, हत्यारं गोळा केली आणि सिटी बसनं घरी आले. बसमध्ये शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. तिचा काही दोष नव्हता. वास येतच होता.

आता कोणी म्हणेल, बाई, तू कशाला चढलीस लोकांच्या गाडीवर? तर सांगते. सीट बसवायची तर बसावं लागतं. कातडं भिजवून ताणतात, खालून ठोकतात, आणि ते वाळायच्या आत त्याच्यावर माणसाचं वजन पडावं लागतं. तेव्हा ते आकार धरतं. नागपूरच्या चैत्रात त्याला पाऊण तास पुरतो. मालक बसला तरी वजन पडतं, पण कुठे ओढ बसतेय हे मालकाला समजत नाही. ते शिवणाऱ्याच्याच अंगाला समजतं. हे मला बाबांनी शिकवलं. बाबा म्हणायचे, "घातल्याबिगर चप्पल अन् बसल्याबिगर सीट, गिऱ्हाईकाले देऊ नोको." टँकची कव्हरं, बाजूच्या पिशव्या, हँडलच्या मुठी, हे सगळं मी नंतर माझं मी शिकले. पण आरी धरायला आणि दोन सुयांनी टाका घालायला त्यांनीच शिकवलं.

बाबा आधी गांधीबागेत बसायचे, कापडाच्या दुकानांच्या रांगेसमोर, फुटपाथवर. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. सात-आठ वर्षांची असेन. दुकानातले शेठ चप्पल दुरुस्तीला द्यायचे ती हातात नाही द्यायचे. वरून फेकायचे. बाबा झेलायचे. एका हातानं, न बघता, डाव्या बाजूनं आली तरी. मला वाटायचं हा खेळ आहे आणि माझे बाबा त्यात सगळ्यांत हुशार आहेत. घरी येऊन मी भिंतीवर चप्पल फेकून झेलायचा सराव करायची. बाबांनी एकदा बघितलं. चप्पल माझ्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली. मला ते कळायला पुढची कितीतरी वर्षं लागली. कळलं तेव्हा मला बाबांचा राग आला, शेठचा नाही. याचीही लाज वाटते.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. घरात आम्ही दोघंच, पुढच्या खोलीत दुकान. ते ऐकत होते आणि कातडं कापायच्या रापीला धार लावत होते.

"आपलीच चूक झाली वं," ते म्हणाले. "त्याहीच्या घरी जाऊन बसाले नव्हतं पाहिजे."

"मी खुर्चीवर नव्हते बसले बाबा. माझ्या कामावर बसले होते."

"त्याहीले काय फरक समजते?"

मी ओढणी तीनदा धुतली. मग चुलीत घातली.

दोन आठवड्यांनी निखिलचा फोन आला. ताई गेलं होतं, आता नुसतं तू.

"सीट खराब झाली ना. सुरकुत्या आल्या, मधात खड्डा पडला. दुसरी करून दे."

खराब होणारच होती. ओल्या कातड्यावरचं वजन उचललं, वर बाटली ओतली, मग ते वाकडंतिकडं वाळलं. मी म्हटलं, करून देते. गाडी दुकानात आणायची.

"आणतो. पप्पाले मनवलं मी. पण यावेळी तू बसायचं नाही."

"मग सीट बसणार नाही."

"ते आम्ही पाहून घेऊ. तू फक्त शिव."

न बसण्याला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला. आणि शिवायला घेतली. का घेतली? कारण पहिली सीट माझ्या हातची होती आणि ती वाकडी झालेली होती. माझ्या हातची वाकडी वस्तू या शहरात फिरतेय, हे मला सहन होत नव्हतं. पण तेवढंच कारण असतं तर बरं झालं असतं. भीतीही होती.

कारण त्या फोननंतर गाड्या यायला लागल्या. निखिलचे मित्र. पाच-सहा जण, जड गाड्या, सगळ्या एकाच धाटणीच्या. भर दुपारी यायचे, ऊन कडक असतं आणि आमच्या बोळातली सगळी दारं लावलेली असतात तेव्हा. बोळाच्या तोंडाशी उभे राहायचे. इंजिन बंद करायचे नाहीत. आत यायचे नाहीत, बोलायचे नाहीत. दहा-पंधरा मिनिटं तो धडधडाट चालायचा. फळीवरचा मेणाचा डबा थरथरत कडेला यायचा. मी तो मागे सरकवायची. मग ते जायचे.

चौथ्या दिवशी एक जण आत आला. हेल्मेट काढलं नाही.

"कातडं कशाचं आहे?"

"म्हशीचं. कामठीहून आणते. कागद आहे."

कागद दाखवला. त्यानं तो वाचला नाही. फळीवरचा एक तुकडा उचलला, हुंगला, खिशात घातला.

"कागद तं कोणीपण बनवते," तो म्हणाला. "आम्ही तपासू."

तुकडा हातभरही नव्हता. पण तो कोणाच्या हातात जाईल आणि त्याचं काय म्हणून नाव होईल, हे मला आणि बाबांना दोघांनाही माहीत होतं. बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. शेजारच्यांनी विचारलं, "कोण येऊन राहिले गा रोज?" बाबा म्हणाले, गिऱ्हाईक.

सीट शिवून झाली. रविवारी दुपारी निखिल गाडी घेऊन आला. मागे चार मित्र, आणि त्यांच्या मागे एक पांढरी कार. कार बोळात शिरत नव्हती म्हणून तोंडाशीच थांबली. काच अर्धी खाली होती. आत काकाजी होते.

मी जुनी सीट काढली. तिचं कव्हर रापीनं फाडून टाकलं, फोम बदलला. नवं कातडं भिजवलेलं तयार होतं. ताणलं, ठोकलं, गाडीवर चढवलं. सगळे बघत उभे. माझं काम चांगलं होत होतं, हे मला कळत होतं. हात अजिबात चुकत नव्हते. शेवटचा बोल्ट आवळला आणि उभी राहिले.

"झालं?" निखिल म्हणाला. "सरक मग."

तो बसायला पुढे आला. आणि त्या क्षणी मला ते सगळं दिसलं. तो बसणार, कातडं एका बाजूला ओढलं जाणार, महिन्यानं परत खड्डा. परत फोन. परत गाड्या. परत मी शिवणार, उभी राहून, हात मागे घेऊन. जन्मभर दुसऱ्याच्या बुडाखालचं शिवायचं आणि स्वतः टेकायचं नाही. मी पाना खाली ठेवला आणि गाडीवर बसले. दोन्हीकडे पाय टाकून.

पांढऱ्या कारची काच वर गेली.

"काय करून राहिली तू?" निखिल जवळ आला. "उतर."

"सीट बसवून राहिली."

"उतर म्हणतो ना! किती वेळ बसणार हाय?"

"वाळेपर्यंत."

एकानं गाडी सुरू केली. मग दुसऱ्यानं. चारही गाड्या माझ्या चहूबाजूंनी, पुढचं चाक माझ्या पायाला लागेल एवढ्या जवळ. एक्झॉस्टची धग पोटऱ्यांना लागत होती. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. मी घाबरले होते. घाबरले नव्हते असं कोण सांगेल? मांड्या थरथरत होत्या. पण त्याच मांड्यांना कळत होतं की डावीकडे ओढ जास्त आहे. मी वजन उजवीकडे टाकलं.

मग दारातून बाबांचा आवाज आला.

"उतर वं माय. पाया पडतो तुह्या."

त्या चौघांचं मी ऐकलं नाही हे सोपं होतं. बाबांचं ऐकलं नाही, ते आजही छातीत दुखतं. मी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते.

पाऊण तास बसले. कातडं वाळलं. मग उतरले, हात फिरवून बघितलं. सीट अशी बसली होती, जशी मी याआधी कधीच बसवली नव्हती.

"तयार आहे," मी निखिलला म्हटलं. "मी बसलेली आहे. ने."

तो सीटकडे बघत उभा राहिला. कारचा हॉर्न वाजला. एकदा, लांब. निखिल गाडीवर बसला नाही. हँडल धरून, एवढं जड धूड ढकलत, घामानं निथळत, तो बोळाबाहेर गेला. मित्र मागून हळूहळू. जाताना हेल्मेटवाल्यानं माझ्याकडे बघून खिशावर थाप मारली. ज्या खिशात तो तुकडा ठेवला होता, त्या खिशावर.

त्यानंतर कामठीच्या माणसाचा फोन आला. "ताई, थोडे दिवस माल नाही जमणार. लोकं तुमच्याबद्दल विचारून राहिले." पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले तर आधी मलाच विचारलं, कातड्याचे कागद कुठे आहेत. बाबा रोज म्हणतात, "चाल, भिवापूरले आत्याकडे जाऊ, महिनाभर." मी जात नाही. महिन्यानंतर परत यावं लागेल, आणि तेव्हा हात मागे घेऊनच यावं लागेल.

आता कोणी माप द्यायला आलं की टेप काढायच्या आधी मी सांगते. माझं आडनाव सांगते. कातडं म्हशीचं आहे आणि कागद भिंतीवर लावलाय, हे सांगते. आणि सांगते की ओल्या सीटवर पहिली मी बसणार, याच बोळात, सगळ्यांसमोर. ऐकून बरेच जण निघून जातात. जाऊ देत.

आज दुपारी बोळाच्या तोंडाशी परत गाड्या आल्या आहेत. मोजल्या, सात आहेत. बाबांनी दाराची कडी आतून लावली आहे. उमरेडच्या एका दूधवाल्याची मोटारसायकल बाहेर उभी आहे, सीट मघाशी चढवली, अजून ओली आहे. बाबांना बाजूला व्हायला सांगितलं. कडी काढतेय. बाहेर जाऊन तिच्यावर बसणार आहे.