मशीनला कुठं सोयरं?

अशील समोर बसलं की वकीलबाई आधी उठून दार लावायच्या. मग म्हणायच्या, "माझ्या कानावर पडलं, तिथंच संपलं. बोल बिनघोर."

मी त्यांच्या हाताखाली शिकलो. असे वकील तुम्हीही पाहिले असतील, पण बाईंची तऱ्हाच न्यारी. एकदा गुलमंडीत साडी घेताना दुकानदारानं एका अशिलाबद्दल सहज विचारलं, तर बाई साडी तिथंच टाकून निघाल्या. लई झकास साडी होती हो! हळहळलो मीच.

गारखेड्यातल्या एका तरुण आईची केस आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, लेकीच्या ताब्यासाठी भांडत होती. नवऱ्यानं घरात राहिलेल्या तिच्या जुन्या मोबाईलमधून तिचं एआयशी झालेलं बोलणं काढलं आणि छापून कोर्टात दिलं. त्यात एक ओळ होती, "पोरीला टाकून कुठंतरी निघून जावं वाटतंय." त्या एका ओळीवर लेक जायची वेळ आली.

"हे मला का नाही सांगितलंस गं?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, तुम्ही माझ्या माहेराकडच्या. इथं कुणालाबी सांगा, ते सोयरंच निघतं. मशीनला कुठं सोयरं?"

बाईंना लागलं ते. मग खदखदून हसल्या, "खरंय बाई तुझं!"

ती पानं त्यांनी एकटीनं वाचली. मी हात पुढं केला तर डोळे वटारले, "तुझं काय काम त्यात?"

कोर्टात समोरचा वकील म्हणाला, वकिलाशी केलेलं बोलणं गुप्त, मशीनशी केलेल्याला कायद्याचं संरक्षण नाही.

"नाही, मान्य आहे," बाई म्हणाल्या. "पण असायला हवं. आई थकली, कुणापाशी तरी बोलली. तेवढ्यासाठी तिची लेक काढून घ्यायची? वाचायचंच तर जजसाहेबांनी आपल्या खोलीत वाचावं, आणि सगळं वाचावं."

साहेबांनी तसंच केलं, आणि एका ओळीवरून आई वाईट ठरत नाही म्हणाले. लेक आईकडं राहिली. कायदा मात्र होता तिथंच आहे.

पुढं बाई आजारी पडल्या. अंथरुणावर त्याही मोबाईलवर काहीबाही लिहीत असायच्या. आम्ही आलो की थांबायच्या, "बरी आहे रे मी," म्हणायच्या.

त्या गेल्यावर मुलानं तो मोबाईल माझ्यापुढं धरला. "दादा, आईनं आम्हाला काहीच सांगितलं नाही. यात असेल. वाचू?"

मलाही वाचायचं होतं, खोटं कशाला बोलू! जीव नुसता तुटत होता.

"नको रे," म्हणालो.

त्यानं माझ्यासमोरच सगळं पुसलं, आणि मग आम्ही दोघं ढसाढसा रडलो.